मुंगी, ढेकूण, गोचीड : घरातील लहान उपद्रवांचा अभ्यास

जेथे माणसांची वस्ती, तेथे मुंगी येते, ढेकूण येतो, पावसाळ्यात डास येतात. आणि कुत्रे वा मांजर पाळलेले असेल तर त्यांच्या अंगावरून पिसवा व गोचीडही येतात. यांतील एकही उपद्रव मोठा म्हणावा असा नाही. त्यासाठी कोणी सभा भरवीत नाही. तथापि रात्रभर खाजवीत जागलेले मूल सकाळच्या तासाला डुलक्या घेते, डोक्यात उवा झालेली मुलगी कोणी न सांगता शेवटच्या बाकावर जाऊन बसते, आणि गव्हातील किडे मारण्यासाठी आणलेली गोळी एखाद्या घरात माणसांच्याच जिवावर बेतते. निवासी शाळेत अनेक मुलांची अंथरुणे, पेट्या आणि धान्याची कोठी एका आवारात असल्यामुळे या विषयाची उजळणी आम्हास दरवर्षी करावीच लागते. स्मरणिकेच्या निमित्ताने ती पालक, माजी विद्यार्थी व समाजबांधवांपुढे मांडीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : औषध विकत आणण्यापूर्वी त्या जीवाची राहणी समजून घ्यावी. तो अंडी कोठे घालतो, काय खातो, किती दिवसांत वाढतो, एवढे कळले की बहुतेक उपाय घरातच सापडतो. ते न कळता फवारलेले विष किड्यास कमी आणि रांगत्या मुलास अधिक बाधते.

मुंगीपासून आरंभ करू. मुंग्या रांगेने चालतात त्या शिस्तीच्या आवडीने नव्हे. अन्नाचा ठाव लागलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधद्रव्याची सूक्ष्म रेघ सोडीत येते आणि मागाहून येणाऱ्या मुंग्या त्या वासाने चालतात. रांगेवर झाडू फिरविल्यास मुंग्या विखुरतात, वाट मात्र शिल्लक राहते. अर्ध्या तासात रांग पुन्हा हजर. म्हणून मुंग्या झाडण्याऐवजी वाट पुसावी. साबणाच्या पाण्यात भिजविलेले फडके त्यास पुरते. रांग ज्या भेगेतून निघते ती भेग बुजवावी आणि गुळाचा डबा घट्ट झाकणाचा करावा. बाजारात मिळणाऱ्या औषधी खडूने उंबऱ्यावर रेघ ओढण्याची पद्धत हल्ली घरोघरी दिसते. त्या खडूत कीटकनाशक असते आणि दिसायला तो फळ्यावरच्या खडूसारखाच असतो. लहान मूल खडू प्रथम तोंडात घालते, मग पाटीवर चालविते. म्हणून हा खडू शाळेच्या आवारात आणू नये असा आमचा दंडक आहे.

कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याचा आजीच्या काळचा उपाय आम्हास आजही मान्य आहे. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर मुंगी तरून जाऊ शकत नाही. पण याच वाटीत डेंग्यूचा डास सुखाने वाढतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एक उपद्रव घालविताना दुसरा पोसला जातो तो असा. या डासाला डबके लागत नाही. फुलदाणी, टाकलेला टायर, नारळाची करवंटी, कुत्र्याचे पाण्याचे भांडे, पाखरांसाठी गच्चीवर ठेवलेली परळ, यांतले कोणतेही स्वच्छ पाणी त्यास पुरते. उष्ण हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयास सांगते, त्या आठवड्याचा हिशेब या वाढीच्या कालावधीत आहे. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतील कडेला अंडी चिकटविते, आणि ती कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. तेव्हा भांडे काथ्याने घासून, उन्हात वाळवून मगच भरावे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत.

रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात आढळले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबाद येथे. तो डास रात्री चावणारा. डेंग्यूचा दिवसा चावणारा. म्हणून दुपारी निजलेल्या तान्ह्या मुलासही मच्छरदाणी हवी. बंद खोलीत रात्रभर अगरबत्तीसारखी जळणारी कांडी लावण्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी बरी.

येथे मुले एक प्रश्न नेहमी विचारतात. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील आपण रोज म्हणतो, मग ढेकूण कसा मारायचा? प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे, ते पाण्यातील जीव वाचावेत म्हणून; आणि विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंना मच्छरदाणी वापरण्याची अनुज्ञा आहे. जीव व माणूस यांच्यामध्ये पडदा धरणे, हा तेथील मार्ग दिसतो. घासलेल्या भांड्यात डास जन्मासच येत नाहीत, मग मारण्याची वेळही येत नाही, असे आम्ही मुलांना सांगतो. ढेकणाच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे पडत नाही, हेही सांगतो.

ढेकूण घाणीचे व गरिबीचे लक्षण मानला जातो. त्यामुळे तो झालेला कोणी सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळेच तो पसरतो. वास्तविक ढेकणास घाण लागत नाही, केवळ रक्त लागते. त्यास पंख नाहीत; तो पेटीतून, वळकटीतून, प्रवासातल्या पिशवीतून येतो. दिवसा खाटेच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत, भिंतीवरील तसबिरीमागे दडतो. शिवणीवर शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके दिसले की तो आहे असे समजावे. मोठा ढेकूण खाण्यावाचून कित्येक महिने जगतो. म्हणून सुटीत खोली महिनाभर बंद ठेवली तर तो मरेल, ही आशा फोल आहे. बाजारातील नेहमीच्या फवाऱ्यांना अनेक ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत. औषधाने उरलेल्यांचीच पुढे प्रजा वाढते, हे त्याचे कारण.

उष्णता मात्र त्यास सोसत नाही. साधारण ५० अंश सेल्सिअस उष्णतेत थोड्या वेळात ढेकूण व त्याची अंडीही मरतात. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मेचे ऊन हे या कामी फुकटचे साधन आहे. खाट अंगणात काढावी, सांध्यांत उकळते पाणी ओतावे. हे काम मोठ्यांनी करावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये. चादरी, उशांचे अभ्रे कढत पाण्यात भिजवावेत. जाड गादीच्या पोटापर्यंत ऊन पोहोचत नाही, म्हणून ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून भर दुपारी ठेवावी व दोन्ही बाजूंनी उलटावी. एवढे करून थांबू नये. भेगेत राहिलेली अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, तेव्हा दहा-बारा दिवसांनी हाच खटाटोप पुन्हा करावा. बहुतेक घरे दुसरी खेप टाळतात आणि मग उपाय खोटा म्हणतात. खाटेच्या सांध्यांत रॉकेल ओतण्याची रीत तर पूर्ण सोडून द्यावी. एका काडीने अंथरूण पेटते.

सुटी संपून मुले परत येतात तेव्हा सर्वांच्या पेट्या प्रथम पटांगणात उघडल्या जातात व कपडे उन्हात पसरले जातात. हे सर्वांचेच केले जाते. एकाच मुलाची पेटी बाहेर काढली तर ते मूल वर्षभर मान खाली घालून वावरते.

उवांच्या बाबतीतही लाजच अधिक छळते. ऊ उडत नाही, उडी मारीत नाही. डोक्याला डोके लागले की जाते, आणि डोक्यावरून खाली पडली की एक-दोन दिवसांत मरते. लिखा सात ते नऊ दिवसांत फुटतात. केस ओले करून अथवा तेल लावून, बारीक दातांच्या फणीने दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, निदान दोन-तीन आठवडे विंचरावे. एका खोलीतील सर्वांनी एकाच वेळी विंचरावे. मुलीचे केस कापण्याची गरज नाही. डोक्यास रॉकेल किंवा पिकावरचे औषध लावणे हा तर गुन्हाच समजावा.

आता साठवणीचे धान्य. या लेखातील सर्वांत गंभीर बाब हीच. वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरण्याची आपली पद्धत चांगली आहे. पण घेताना स्वच्छ दिसणारा गहू श्रावणात पिठूळ का होतो? सोंडकिड्याची मादी दाण्यास छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र लिंपून टाकते. किडा दाण्यातच वाढतो, चाळणीला दिसत नाही. अख्ख्या मुगावर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्यांची अंडी होत. या किड्यांना दाण्यात ओल हवी असते. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत कडक उन्हात वाळवावा, निवू द्यावा आणि मगच पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत भरावा. कडुलिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घालावा. कडधान्यास एरंडेलाचा हलका हात लावावा, किंवा त्याची डाळच करून ठेवावी. भुंगेऱ्यास अख्खा दाणा अधिक रुचतो.

अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी मात्र घरातल्या कोठीत कधीही ठेवू नये. हवेतील ओल लागताच तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. तो कोठीतून खोलीत आणि दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत पसरतो. त्यावर उतारा नाही. ही गोळी मोठ्या गुदामांत, ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांनी वापरण्याची वस्तू आहे. आपल्याकडील अनेक घरांत कोठी आणि अंथरूण एकाच खोलीत असते, आणि अशा खोलीत झोपलेली मुले दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. घरात ही गोळी असल्याचे कळल्यास तीवर पाणी ओतू नये, त्याने वायू अधिक वेगाने निघतो. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे. उलटी, छातीत दडपण, श्वास लागणे यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचे नाव डॉक्टरांना लगेच सांगावे. दुकानदार सुटी गोळी कागदात बांधून देतो, तेव्हा ती घेण्याचे सरळ नाकारावे.

झुरळास अन्नापेक्षा पाण्याची निकड अधिक असते. उपाशी ते महिनाभर तग धरते, पाण्यावाचून आठवडा-दोन आठवडेच. रात्री मोरी कोरडी करावी, गळका नळ दुरुस्त करावा, सांडपाण्याच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. बोरिक पावडर, कणीक व साखर यांच्या गोळ्या गुणकारी आहेत. पण त्या मुलांचा व कुत्र्याचा हात-तोंड पोहोचणार नाही अशा फटीतच ठेवाव्यात. माशीचे सांगण्यासारखे फारसे नाही : कचरा आठवड्यातून निदान दोनदा दूर गेला की अळीची माशी होण्यास वेळच मिळत नाही. भिंतीवरच्या पालीस मात्र उगाच हाकलू नये, ती आपल्याच बाजूची आहे. कपड्यांतील कसरीसाठी डांबरगोळ्या ठेवीत असाल तर तान्ह्या मुलांच्या कपड्यांत त्या नकोत. काही बालकांच्या रक्तात जन्मतः एका विकराची उणीव असते आणि या गोळ्यांच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

पाळीव जनावरांकडे वळू. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या गोचिडी थोड्या. पुष्कळशा घरात असतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्यास औषध लावताना त्याची बसण्याची जागा, जवळची भिंत व पायरीच्या फटीही साफ कराव्यात. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, पिळू नये, काडीने चटका देऊ नये; काढलेली गोचीड बोटांनी न चिरडता साबणाच्या पाण्यात टाकावी. गुरांसाठीचे औषध अंदाजाने कुत्र्यास लावू नये. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजरास प्राणघातक ठरते. मांजर अंग चाटते, म्हणून फिनेलने नुकत्याच पुसलेल्या फरशीवरही त्यास येऊ देऊ नये. मांजर एकाच कोपऱ्यात मुतत असेल तर मारून उपयोग नाही. ते वासाने परत येते. ती जागा व्हिनेगरच्या पाण्याने धुवावी आणि वाळूचे घमेले निराळे ठेवावे. बोका भिंतीवर फवारे सोडीत असेल तर पशुवैद्याकडून त्याची नसबंदी करून घ्यावी.

पिसवांची एक गोष्ट सुटीत गावी जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. पिसू कोशात महिनोन्महिने निपचित राहते आणि माणसाच्या पावलांचा कंप व शरीराची ऊब लागली की बाहेर पडते. ज्या बंद घरात मांजर व्याले होते, तेथे महिन्याने दार उघडताच पोटऱ्यांवर लाल पुरळ उठते ते यामुळे. तेव्हा एकाच मोठ्या माणसाने, पाय झाकून, आधी आत जावे, मांजराचे पोते बाहेर काढून उकळत्या पाण्यात बुडवावे, कोपरे झाडून केर साबणाच्या पाण्यात टाकावा, दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा झाडावे आणि मग मुलांची अंथरुणे घालावीत.