सकाळची बस आणि ३८१ दिवस

रोज सकाळी बँकेत जाण्यासाठी आम्ही बसच्या रांगेत उभे राहतो. बसायला जागा मिळाली नाही तर कुरकुरतो आणि कामाला लागलो की विसरूनही जातो. पण तिकिटाचे पूर्ण पैसे भरून, बाक रिकामा असताना, केवळ कातडीच्या रंगामुळे उभे राहावे लागले तर? अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या माँटगोमेरी शहरात हे रोजचेच होते. त्या लढ्याचा उल्लेख आपल्याकडे भाषणाच्या ओघात होतो. हिशेबी अंगाने विचार क्वचितच होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

तेथील बसमध्ये ३६ जागा असत. पैकी पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव. त्या रिकाम्या असल्या तरी काळ्यांनी मागे उभेच राहायचे. गोरे प्रवासी वाढले की मधल्या बाकांवरूनही उठायचे. पुष्कळदा पुढच्या दाराशी भाडे देऊन खाली उतरायचे व मागच्या दाराने चढायचे. तेवढ्यात चालक बस हाकून मोकळा होई. आणि गंमत अशी, की सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी काळेच होते. ज्यांच्या नाण्यांवर कंपनी चालत होती, त्यांनाच उभे केले जात होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी सायंकाळी रोझा पार्क्स यांनी जागा सोडण्यास नकार दिला व त्यांना अटक झाली. कामाने दमल्यामुळे त्या उठल्या नाहीत, असे सांगितले जाते. ते त्यांनी स्वतःच खोडून काढले आहे. त्या चळवळीतील जुन्या कार्यकर्त्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कोल्व्हिन या १५ वर्षांच्या विद्यार्थिनीलाही अशीच अटक झाली होती. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने जागून हजारो पत्रके काढली : सोमवारी बसमध्ये चढू नका.

५ डिसेंबरची ती सोमवारची सकाळ. एरवी शहरात धुणीभांडी, स्वयंपाकाला जाणाऱ्या बायांनी भरून जाणारी बस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दारावरून रिकामी गेली. मागची दुसरीही रिकामी. तिसरीत दोन प्रवासी, दोघेही गोरे.

विद्यार्थी मित्रांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एक दिवस बस सोडणे सोपे. दुसऱ्या दिवशी कामावर पोचायचे कसे? प्रथम काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये माणसे नेली. पालिकेने ४५ सेंटच्या किमान भाड्याचा नियम पुढे केला. मग सुमारे ३०० खाजगी मोटारी एकत्र आल्या. सकाळी कोठून माणसे उचलायची, सायंकाळी कोठून परत न्यायची, हे ठरले. शहराच्या मध्यावरील एका काळ्या मालकाचा वाहनतळ मुख्य ठाणे बनला. मोटारींचे विमे रद्द करण्यात आले, तेव्हा लंडनहून विमा मिळवला. आणि तरीही कित्येक जण पायीच जात.

पेट्रोलला पैसा लागतो. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने बायकांचा गट केला. त्या केक, पाय, कोंबडीचे सँडविच विकून जमलेली रक्कम सभेत आणून देत. गटाचे नाव होते ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कोठलाच नाही असा क्लब. देणाऱ्याचे नाव कळले तर त्याची नोकरी जाई, म्हणून पैसा कोठून आला तर ‘कोठूनच नाही’! वीस-बावीस वर्षे खातेवह्या लिहिणाऱ्या आम्हांला इतके चोख व इतके धाडसी खाते दुसरे आठवत नाही.

सुरुवातीच्या मागण्या किती माफक होत्या, हेही पाहावे : सौजन्याची वागणूक, काळ्यांनी मागून व गोऱ्यांनी पुढून येईल तसे बसणे, आणि काळ्यांच्या वस्तीतील मार्गांवर काळे चालक. वेगळेपणा समूळ काढा, असे त्यांत नव्हते. एवढेही नाकारले गेले, तेव्हा फेब्रुवारी १९५६ मध्ये दावा दाखल झाला. वादी चार स्त्रिया. त्यांत कोल्व्हिन होती. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील भेदभाव घटनाबाह्य असल्याचा खालचा निकाल कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने मोटारींची व्यवस्था बंद पाडली. आदेशाचा कागद हाती येईपर्यंत, महिनाभराहून अधिक काळ, लोकांनी त्याही अडचणीत बस टाळली.

२१ डिसेंबरला भल्या पहाटे किंग पहिल्या बसमध्ये चढले व पुढे बसले. आठवडा उलटतो न उलटतो तोच बसवर गोळीबार झाला. रोझा जॉर्डन ही गर्भवती स्त्री पायांना गोळ्या लागून जखमी झाली. काही दिवस सायंकाळच्या फेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. सकाळच्या चालू राहिल्या.