बिनतारी मोटारगाडीची निगा

दुरून चालविण्याची लहान मोटारगाडी आता फलटणातही पुष्कळ घरी दिसते. तिच्या खेळात मौज आहे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु गाडी बिघडली म्हणजे आपण ती एक तर फेकून देतो, नाही तर उतावीळपणे उघडून अधिकच बिघडवितो. गतवर्षी आमची गाडी गल्लीत धावता धावता एकाएकी ऐकेनाशी झाली व ओट्यावर बसलेल्या एका आजीबाईंच्या पायांजवळ भिंतीवर जाऊन आदळली. त्यांना इजा झाली नाही, ही ईश्वराची कृपा. “आतले यंत्र गेले, नवे आणा,” असा सर्वांनी निकाल दिला. शोध करता आढळले की, हातातील यंत्रात एका सेलच्या पत्रीवर पांढुरका थर चढला होता, एवढेच! त्या दिवशी जे शिकलो, ते येथे सांगतो.

ह्या खेळाचे मूळ जुने आहे. निकोला टेस्ला ह्या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी होडी लोकांस दाखविली. आपल्या गाडीतही तत्त्व तेच. हातातील प्रेषक लहरी सोडतो. गाडीतील ग्राहक त्या ओळखून चाके वळविणाऱ्या सर्व्होस व मोटरीस आज्ञा देतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांतील लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. ग्राहकाच्या तारेच्या टोकाचा सुमारे तीन सेंटिमीटर उघडा भाग, म्हणजे लहरीचा चौथा हिस्सा, हाच खरा ग्रहण करणारा भाग होय. म्हणून ती तार कापू नये, दुमडू नये, व धातूपासून दूर उभी ठेवावी.

दोष शोधताना सोप्याकडून कठीणाकडे जावे, व एका वेळी एकच बदल करावा. प्रथम प्रेषकाचे सेल व पत्र्या पाहाव्या. गळलेल्या सेलचा थर व्हिनेगारात किंचित भिजविलेल्या कापसाने पुसून, मग स्पिरिट लावून कोरडा करावा. नंतर गाडीची बॅटरी, जोडण्या व तारा तपासाव्या. चाके वळत नसतील, तर त्या जागी दुसरा चांगला सर्व्हो जोडावा. तो चालला तर दोष सर्व्होत आहे, न चालला तर ग्राहकात किंवा प्रेषकात. नवा ग्राहक बसविल्यास त्याची प्रेषकाशी ओळख करून द्यावी लागते. आपल्याकडील उन्हाळ्यातील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. उसाच्या पाटात गाडी भिजली, तर बॅटरी तत्काळ काढावी व सर्व भाग पुरते वाळल्यावाचून ती पुन्हा जोडू नये.

दोन नियम मात्र कधीही मोडू नयेत. सुरू करताना आधी प्रेषक, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग प्रेषक. तसेच खेळण्यापूर्वी गाडीची चाके अधांतरी धरून मोटर हळू चालू करावी व प्रेषक बंद करून पाहावा. मोटर थांबली पाहिजे. न थांबल्यास ग्राहकाची ती योजना नीट लावल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये. ही परीक्षा आम्ही केली असती, तर आजीबाईंच्या पायांपाशी गाडी गेलीच नसती. फुगलेली लिथियम बॅटरी कोणीही भरू नये; ती पेट घेऊ शकते. चांगली बॅटरीही वडील माणसाच्या नजरेखालीच भरावी.

ह्याच फलटणात निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांचे सहकारी ह्यांनी विजेवर चालणारी रिक्षा तयार केली. ती खेळणे नव्हे. तथापि बॅटरी, तार व मोटर ह्यांचा न्याय दोहींस सारखाच. पालकांस आमची विनंती आहे की, बिघडलेली गाडी पाहून मुलास रागावू नये. पेचकस हाती द्यावा व शेजारी बसावे. विद्यार्थिमित्रहो, जो लहान वस्तूतील दोष शांतपणे शोधतो व आपल्या खेळाने दुसऱ्यास अपाय होऊ देत नाही, त्याच्या हाती पुढे मोठे यंत्रही निर्धास्तपणे सोपविता येते.