संगणक का कुरकुरतो?

शिरोळमधील एखाद्या पतसंस्थेच्या कचेरीतला संगणक सकाळपासून रेंगाळतो आहे, मधूनच एखादा प्रोग्रॅम आपोआप बंद पडतो आहे, अशी कल्पना करा. ‘व्हायरस शिरला’ असे लगेच म्हणू नका. प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू पडतो : एका वेळी एकच गोष्ट बदला.

प्रथम टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर व स्मृती अधिक व्यापतो, ते पाहा. तो ओळखीचा असल्यास काम जतन करून बंद करा. संगणक सुधारला, तर दोष बहुधा त्याचाच. न सुधारल्यास डिस्क भरली आहे का, ते तपासा.

परंतु अनोळखी प्रोग्रॅम सतत माहिती बाहेर धाडीत असेल, तर हेराची शंका घ्या. इंटरनेटची तार काढा, काहीही पुसू नका. पुसल्यास पुरावा जातो. जाणकाराला बोलवा. पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदला.

संगणक कुरकुरत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम शिरला. एटीएमकडून येणाऱ्या खोट्या मागण्या बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचेनात. मधला नकली स्विचच त्यांना मंजुरी देऊ लागला. बँकेचे एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे निघाले ते २८ देशांत आणि आपल्या कोल्हापुरातही!

म्हणून शाळेच्या संगणकावर नेहमी चालणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी, शिक्षकांच्या परवानगीने, वहीत लिहून ठेवा. घरची माणसे ठाऊक असतील, तरच आगंतुक ओळखता येतो.