मातीचे लहान बांध : धोक्याची प्रतवारी आणि गावाची जबाबदारी

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीच्या परिसरात पाणी अडविण्याचे मोल कोणास सांगावे लागत नाही. सोलापूरजवळचा एकरुख तलाव एकोणिसाव्या शतकातील आहे. मातीचे धरण नीट राखले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, याची तो साक्ष देतो. परंतु शेतकऱ्याने स्वखर्चाने नाल्यावर घातलेल्या बांधाची तपासणी कोणी करावयाची?

आकार आणि धोका

धरणाचे वर्गीकरण दोन प्रकारे होते. पहिला निकष आकाराचा. भारतीय मानक ११२२३ (१९८५) नुसार ५ लाख ते १ कोटी घनमीटर साठ्याचे धरण लहान गणले जाते व त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. दुसरा निकष धोक्याचा : बांध फुटल्यास खाली कोणाचे व किती नुकसान होईल? बांध भक्कम असला तरी खाली वस्ती असल्यास त्याची धोकाश्रेणी वरचीच राहते.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना, तसेच विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. मालक खासगी असला तरी देखभालीची जबाबदारी त्याचीच. याहून लहान बांध मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे गावाची दक्षता हाच आधार होय.

दोन धडे

अमेरिकेतील जॉन्सटाउन शहराच्या वरच्या बाजूस एका खासगी क्लबच्या मालकीचे मातीचे धरण होते. गाड्यांच्या सोयीसाठी त्याचा माथा खाली आणला गेला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर लावलेल्या जाळ्यांत कचरा अडकला. ३१ मे १८८९ रोजी पाणी माथ्यावरून वाहिले, भराव खचला आणि २,२०९ माणसे प्राणास मुकली. आपल्या राज्यात २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून पायथ्याच्या वाडीतील वीसहून अधिक जीव गेले.

काय पाहावे?

मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की माती धुपते व बांध अल्पावधीत फुटतो. यास्तव सांडवा मोकळा ठेवणे हे पहिले कर्तव्य. अधिक पाणी साठावे म्हणून त्यावर वाळूची पोती रचणे किंवा मासळीसाठी जाळी बांधणे हे संकटास आमंत्रण होय. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते; त्या भेगा पावसाळ्यापूर्वी भरून काढाव्यात. भरावावरील झाडेझुडपे आणि उंदीर-घुशींची बिळे काढावीत. पायथ्याशी गढूळ पाझर दिसल्यास आतील माती वाहून जात आहे असे समजावे व तत्काळ तहसील कार्यालयास कळवावे.

स्थानिक नोंद

ग्रामपंचायतीस किंवा नगरपरिषदेस आपल्या हद्दीतील सर्व बांधांची साधी प्रतवारी करता येईल. खाली घरे किंवा शाळा असल्यास ‘अ’, रस्ता, पूल वा विहिरी असल्यास ‘ब’, केवळ शेती असल्यास ‘क’. ही शासकीय वर्गवारी नव्हे. परंतु अतिवृष्टीच्या रात्री प्रथम कोणास जागे करावयाचे, हे तीवरून ठरेल. नवे घर उभे राहिले की श्रेणी बदलते, म्हणून ही नोंद दरवर्षी मे महिन्यात तपासावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून नाल्याचा नकाशा काढून घेतल्यास या कामास मोठेच साहाय्य होईल.

अडविलेले पाणी मालकाचे असले, तरी सुटलेले पाणी साऱ्या गावाचे असते.