चिंता, समाधान आणि देहाचा हक्क



दसरा-दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातील असंख्य जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. आजारपणाने एक खाडा पडला तरी दंड बसतो. २०१९ साली शासकीय पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मजुरी बुडण्याची धास्ती देहावर कशी उतरते, हे यावरून ध्यानी यावे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक दुआ हजरत अनस (रजि.) यांनी कथन केली असून ती सहीह बुखारीत आहे. तीत प्रेषितांनी चिंता व दुःख, असमर्थता व आळस, भ्याडपणा व कंजुषी, कर्जाचा भार व माणसांचा जुलूम यांपासून अल्लाहचा आश्रय मागितला. या क्रमाचा विचार करा. चिंतेपाठोपाठ असमर्थता येते. दीर्घकाळची चिंता झोप उडविते, रक्तदाब वाढविते; एवढेच नव्हे, तर खचलेला मनुष्य तंबाखू-गुटख्याचा आधार शोधतो, गोळ्या मध्येच सोडतो, तपासणी पुढे ढकलतो. ज्याला जगण्यात समाधान वाटते, तो देहाचीही निगा राखतो.

हे समाधान म्हणजेच कनाअत. परंतु दुखणे लपविणे म्हणजे कनाअत नव्हे आणि उपचार टाळणे म्हणजे सब्र नव्हे. रोज उपवास आणि रात्रभर नमाज करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषितांनी बजावले की, तुमच्या देहाचाही तुमच्यावर हक्क आहे. उपचार घेण्याची आज्ञाही त्यांनीच दिली. अल्लाहच्या स्मरणाने अंतःकरण शांत होते, ही कुरआनची ग्वाही आहे. औषध हीदेखील त्याचीच देणगी आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, घरातील स्त्री ‘काही नाही, बरी आहे’ म्हणाली, तरी पुन्हा विचारा. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास घाई न करता दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. मन खचले असेल, तर १४४१६ या शासनाच्या निःशुल्क ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोला. त्यात ईमानाची उणीव नाही. आणि आपणांपैकी ज्याला अल्लाहने ऐपत दिली आहे, त्याने शेजाऱ्याच्या कर्जाचा भार हलका करावा. कित्येकदा तेच त्याचे पहिले औषध ठरते.

अल्लाह आपणां सर्वांना आरोग्य आणि कनाअत प्रदान करो. आमीन.