इंग्रजीतला तरतमभाव



औषधांचे डबे, विद्राव्य खतांच्या पिशव्या, यंत्रांची माहितीपत्रके यांवर इंग्रजी मजकूर असतोच. तो नीट कळावा म्हणून या पाठात आपण विशेषणांचा तरतमभाव पाहू. शाळेत जाणाऱ्या पोरांना जवळ बसवून वाचावा.

मराठीत 'गोड', 'त्यापेक्षा गोड', 'सर्वांत गोड' असे म्हणतो. गोड तो गोडच राहतो. इंग्रजीत शब्दालाच शेपूट लागते. आपल्या लागणीचेच उदाहरण घ्या. सुरू ऊस साधारण १२ महिन्यांचा, पूर्वहंगामी १४ ते १५, आडसाली १६ ते १८. म्हणजे सुरूचा काळ 'लाँग', पूर्वहंगामीचा 'लाँगर' आणि आडसालीचा 'द लाँगेस्ट'. दोहोंची तुलना असली की 'अर'. तीन किंवा अधिकांतून एक निवडायचा तर 'एस्ट', आणि बहुधा त्याआधी 'द'.

शब्द लांबलचक असेल तर शेपूट न लावता आधी 'मोअर' किंवा 'मोस्ट' ठेवावे : 'एक्स्पेन्सिव्ह', 'मोअर एक्स्पेन्सिव्ह', 'मोस्ट एक्स्पेन्सिव्ह'. दोन्ही एकदम नकोत. 'मोअर स्वीटर' म्हणजे एका बैलाच्या मानेवर दोन जुवं! 'गुड, बेटर, बेस्ट' आणि 'बॅड, वर्स, वर्स्ट' मात्र पाठच करावीत.

आता खरी मेख. तुलना पुरी व्हायला 'दॅन' लागतो. दॅन म्हणजे आपला 'पेक्षा'. पुष्कळ जाहिरातींत तोच गाळलेला असतो. 'हायर यील्ड' एवढेच छापतात. अहो, पण हायर कशापेक्षा? काहीच न घातलेल्या रानापेक्षा, की आपण आज घालतो त्या खतापेक्षा? 'बेस्ट' म्हटले, तर कोणाकोणांत? व्याकरणाचा हा प्रश्न दुकानातही विचारावा. उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नये.

डब्यावरचे 'नॉट मोअर दॅन' म्हणजे याहून जास्त नको. 'नॉट लेस दॅन' म्हणजे याहून कमी नको. यांत गफलत झाली की मात्रा चुकते आणि पीक भोगते.

अभ्यास : कोसी ६७१ हा को ८६०३२ पेक्षा लवकर पक्व होतो. इंग्रजीत : 'कोसी ६७१ इज अर्लियर दॅन को ८६०३२.' याच धर्तीवर आपल्या रानातली पाच वाक्ये वहीत लिहावीत. प्रत्येकात 'दॅन' आहे ना, ते तपासावे.