गीत मुखी, अर्थ मनी

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा आरंभ होतो. खेड्यातील मुले इंग्रजी गीत खड्या आवाजात गातात, तेव्हा आईबापांस धन्यता वाटते. परंतु त्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर पुष्कळ मुले खाली मान घालतात. ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही, त्या मुलाची ही उणीव शाळेने भरून काढली नाही, तर ती वर्षानुवर्षे वाढत जाते. पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीस समजून गाण्याविषयी बोध केला (१ करिंथ १४). तो बोध भक्तीविषयी आहे खरा. तथापि शिक्षकानेही तो मनी धरावा.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात एक पद्धती मांडली. तान्हे मूल बोलू लागण्यापूर्वी आईचे शब्द ऐकते व अंगाच्या हालचालीने उत्तर देते. परकी भाषाही त्याच क्रमाने शिकवावी, हे तिचे सार होय. तिला अनुसरून आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१. 'स्टँड', 'सिट', 'जंप', 'टर्न' असे तीन-चारच शब्द घ्यावे. शिक्षकाने शब्द उच्चारून ती क्रिया स्वतः करावी व मुलांकडून करवावी. बोलण्याची सक्ती करू नये.

२. नंतर शिक्षकाने स्वतः स्तब्ध राहून नुसते शब्द उच्चारावे, आणि त्यांचा क्रम बदलावा. खरी परीक्षा हीच. क्रम ठरलेला असला म्हणजे मूल सवयीने किंवा शेजाऱ्याकडे पाहून उडी मारते. क्रम मोडला म्हणजे ते कान देऊन ऐकते.

३. 'टच युवर नोज' व 'ओपन द डोअर' ही वाक्ये समजू लागल्यावर 'टच द डोअर' म्हणावे. पूर्वी न ऐकलेली आज्ञा मुलाने पाळली, म्हणजे ते शब्द त्याचे झाले असे समजावे.

४. मगच त्या शब्दांचे गीत हावभावांसह घ्यावे. ताल धरल्याने इंग्रजी शब्दात जोर कोठे द्यावा हेही कळते. जसे, 'बनाना' म्हणताना मधल्या अवयवावर टाळी पडावी.

५. शेवटी एका मुलाने आज्ञा द्यावी व इतरांनी ती पाळावी.

ह्या खेळाने क्रिया व डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तू शिकविता येतात. 'आशा', 'क्षमा' अशा शब्दांचा अर्थ मात्र मराठीतच सांगावा. त्यात कमीपणा नाही.

उपदेशकबंधूंनो, रविवारच्या शाळेत एखादे इंग्रजी गीत शिकविता, तेव्हा ते समारंभात किती गोड वाटले एवढेच पाहू नका. गाणाऱ्या बाळास ते समजले काय, हे आधी पाहा.